खाडीची ना-हरकत

सभा संपत आली होती. सरपंच बाबल गावकरांनी ठरावाचं पुस्तक पुढ्यात ओढलं, पेनाचं टोपण काढलं आणि रवळनाथाच्या मंडपात बसलेल्या सगळ्यांवरून नजर फिरवत नेहमीचा प्रश्न विचारला. पुलाच्या जोडरस्त्यासाठी डोंगर कापायला ना-हरकत द्यायची, कोणाची काही हरकत?

बायका डावीकडे बसल्या होत्या, पुरुष उजवीकडे. होडीवाला सगुण एका खांबाला टेकून उभा होता, कारण तो कुठेच बसत नसे. पेन कागदाला टेकलं.

मी उठून उभी राहिले.

"माझी आहे," मी म्हणाले.

मंडपात कोणीतरी हसलं. परवानगी मागायला आलेली मीच होते.

*

थांबते. ही गोष्ट मी सांगायच्या आधीच बऱ्याच जणांनी सांगितलेली आहे. आमच्या कंपनीत नव्या इंजिनिअरांना ती पहिल्याच आठवड्यात ऐकवत. पुढे लातूरच्या तंत्रनिकेतनात मी शिकवायला लागले, तेव्हा तिथल्या प्राचार्यांनी माझी ओळख करून देतानाही तीच सांगितली. त्यांच्या गोष्टीत एक तरुण मुलगी भर सभेत उभी राहते, स्वतःच्या कामातली चूक स्वतः सांगते, गाव खूश होतं आणि परवानगी मिळते. गोष्टीचं तात्पर्य प्रामाणिकपणा.

त्यांच्या गोष्टीत होडी नसते.

*

चाय

आडिवणं हे खाडीच्या अलीकडचं गाव. बाजार, दवाखाना, हायस्कूल, एसटीडी बूथ, सगळं पलीकडे. मध्ये सगुण तारीची होडी. पूल मंजूर झाला होता, पण पुलाला पोचायचा रस्ता गावाच्या डोंगरातून कापून न्यायचा होता, आणि त्यासाठी ग्रामपंचायतीची ना-हरकत लागत होती.

मी बार्शीची. कंपनीने मला पाठवलं ते एक कागद घेऊन यायला. साहेब म्हणाले, आठवड्याभराचं काम आहे.

पंचायतीत गेले तर सदस्यांच्या बाकावर आवडूकाकी बसलेल्या. गावातल्या ज्या बायका ओहोटीला खाडीच्या मुखाशी चिखलात उतरून तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढतात, त्यांच्या त्या म्होरक्या. माझा नकाशा त्यांनी पाहिलाही नाही. शेजारच्या खाडीवर असाच रस्ता झाला होता, असं त्यांनी सांगितलं. ठेकेदाराने उन्हाळ्यात डोंगर सोलला, पावसाने ती तांबडी माती धुऊन खाडीत आणली आणि तिथल्या तिसऱ्या चिखलाखाली गुदमरून मेल्या. त्यानंतर तिथल्या बायका काजूच्या कारखान्यात बिया फोडायला गेल्या, त्या परत चिखलात उतरल्या नाहीत.

"आमका पूल होयो," त्या म्हणाल्या. "पण खाडी विकून नको."

मग पंचायतीने ठरवलं ते असं. डोंगराचा एक लहान तुकडा आत्ता कापायचा. माती अडवायची जी काय सोय करायची ती त्या तुकड्याखाली करायची. त्यावरून एक पावसाळा जाऊ द्यायचा. गणपतीची चवथ झाली की सभा घ्यायची. तोवर पाणी नितळ राहिलं तर सगळ्या डोंगराला ना-हरकत, नाही तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हाच खेळ.

साहेब फोनवर चिडले. मग म्हणाले, राहा तिथेच.

मी आवडूकाकींच्याच पडवीतली खोली घेतली. कापलेल्या उतारावर काथ्याच्या जाळ्या ठोकल्या, त्यांच्या भोकांतून वाळ्याचं गवत लावलं. खाली जांभ्याचे बांध रचले, बांधाखाली एकाखाली एक गाळाचे खड्डे खणले, म्हणजे वाहून आलेलं पाणी खड्ड्यात थबकेल, माती खाली बसेल आणि वरचं पाणी तेवढं पुढे जाईल. ही माझीच कल्पना होती आणि मला तिचा अभिमान होता.

पण खाली खाडीत काय उतरतंय ते डोंगरावरून दिसत नव्हतं. त्यासाठी पाण्यावर जावं लागे, आणि मला पोहता येत नव्हतं.

पहिल्या दिवशी होडीची कड मी दोन्ही हातांनी धरली. सगुण मागे उभा राहून बांबू रेटत होता. माझ्याच वयाचा, किडकिडीत, कानामागे विडी. तो काही वेळ माझे हात बघत राहिला आणि मग म्हणाला, तुमच्या बार्शीत पाणी टँकरने येतं ना, मग होडीपण टँकरवरच चालवतात काय. मी म्हटलं, आमच्याकडे होडीवाले कमी बोलतात. तो म्हणाला, पाणीच नाही तर बोलतील कशाला.

कापलेल्या उताराखाली आम्ही आलो. मी बाटलीत पाणी भरून उजेडाला धरलं आणि वहीत लिहिलं, मध्यम गढूळ. त्याने नुसतं वाकून पाहिलं.

"चाय," तो म्हणाला. "दूद कमी."

*

पेज

पाऊस लागला तसं हे रोजचं झालं. सकाळी त्याची शाळेच्या पोरांची फेरी झाली की मी जायची. पाणी बघायची, मग पलीकडे उतरून बूथवरून साहेबांना फोन करायची. कधीकधी दादाला.

दादाने लातूरचं स्थळ पक्कं केलं होतं. मुलगा मी पाहिला होता, त्याच्यात नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं. फक्त तारीख ठरायची राहिली होती. दादा विचारायचा, कधी येतेस? मी सांगायची, परवानगी मिळाली की. सुरुवातीला हे उत्तर देताना मला लाज वाटायची. नंतर त्या उत्तराचा आधार वाटायला लागला.

परतीच्या फेरीत बहुधा आम्ही दोघंच असायचो. सगुणने पाण्याला नावं दिली होती. चहा म्हणजे धोका. पेज म्हणजे ठीक, पांढुरकं, जरा दाट. त्याच्या वरचं शहाळं, म्हणजे नितळ. मी लिहायची मध्यम, कमी, अल्प. पुढेपुढे मीही मनात पेज म्हणूनच मोजायला लागले.

त्याला विचारलं होतं, पूल झाल्यावर तुम्ही काय करणार. तो म्हणाला, पुलावरून जाईन.

मी म्हटलं, मी खरंच विचारतेय.

त्याने बांबू वर काढला, पाणी निथळू दिलं. मग सांगितलं की त्याच्या आईला ताप चढला तेव्हा पाऊस असाच होता. होडी त्याचा बाप चालवत होता आणि आईचं डोकं सगुणच्या मांडीवर होतं. अर्ध्या खाडीतच ती गेली. तरीही बापाने होडी वळवली नाही, पलीकडे नेऊनच लावली, कारण अंगात भिनलेलं तेच होतं. हे सगळं त्याने हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं आणि बांबू परत पाण्यात घातला.

त्या दिवशी होडीची कड धरायचं मी विसरले होते. पलीकडे पोचल्यावर ते लक्षात आलं.

*

आवडूकाकींच्या नजरेतून यातलं काही सुटलं नसावं. एकदा भात वाढताना त्या म्हणाल्या की पाणी बघायला शेजारच्या खाडीवरची इंजिनिअर माणसं महिन्यातून एकदा यायची. मी म्हटलं, म्हणूनच त्यांची माती खाडीत गेली. त्या हसल्या आणि माझ्या ताटात आणखी तिसऱ्यांचं सुकं वाढलं. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

*

(या दिवसाला त्याने नाव ठेवलं नाही)

श्रावण सरता सरता एका पहाटे डोंगरावरून धडधड ऐकू आली. मी धावत गेले. वरच्या बांधाचे दगड ढासळले होते, पहिला खड्डा फुटला होता आणि त्याच्या भगदाडातून तांबडं पाणी रस्ता काढत सरळ खाली चाललं होतं. खाडीत त्याची जीभ पडली होती. भरती होती म्हणून ती जीभ मुखाकडे न जाता वरच्या अंगाला वळली होती. पण भरती किती वेळ राहणार. ओहोटी लागली की ते सगळं तिसऱ्यांवर.

मी वाळूची पोती ओढायला लागले. एक लावायची, पाणी ते लोटायचं. एवढ्या पावसात गाव घराबाहेर नव्हतं, होडी बंद होती आणि हाका मारून काही उपयोग नव्हता.

सगुण खालून आला. जीभ त्याने खाडीच्या काठावरूनच पाहिली असणार. तो तसाच भगदाडात उतरला आणि पाण्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याच्या पाठीने पाणी फुटून दोन्हीकडे गेलं आणि तेवढ्या आडोशाला मी पोती रचली. मग तो बाहेर आला आणि मी आत उतरले. असं आलटून पालटून. कंबरेपर्यंत तांबड्या चिखलात. कोणाचा हात कुठला ते कळत नव्हतं.

ओहोटी लागायच्या आत भगदाड बुजलं.

आम्ही बांधावर बसलो. मी खालपासून वरपर्यंत लाल झाले होते, तोही. तो म्हणाला, आता तुम्ही आमच्या गावच्या दिसता.

मग तो खाली होडीपाशी गेला, होडीतलं पाणी उपसायचा डबा भरून आणला आणि म्हणाला, हात पुढे करा. मी केले. त्याने बारीक धार सोडली. बोटांमधली माती गेली, नखांतली गेली, मनगटं स्वच्छ झाली. तो डबा भरून आणत राहिला, ओतत राहिला. धुवायचं काही उरलं नव्हतं. मी हात मागे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुखाशी जाऊन आम्ही पाणी पाहिलं. लाली वरच्या अंगाला तिवरांच्या झाडीत बसली होती. तिसऱ्या शाबूत होत्या. मी वहीत काय लिहिलं ते आठवत नाही.

*

शहाळं

चवथ आली. मुंबईकर आले, आरत्या झाल्या, मुंबईकर गेले. पावसाने हात आखडता घेतला. वाळ्याच्या मुळांनी उतार असा धरला की काथ्या ओढून पाहिला तरी हलेना. रोज सकाळी मी होडीतून वाकून बघायची आणि रोज तळाचे दगड जरा जास्त दिसायचे. एवढं चांगलं काम मी आयुष्यात पुन्हा केलं नाही.

दादाने कळवलं, लातूरच्यांनी दिवाळीनंतरचा मुहूर्त काढलाय. परवानगी मिळतेच आहे ना. मी म्हटलं, मिळेल.

परतताना सगुण नेहमीपेक्षा सावकाश होडी नेत होता, की मलाच तसं वाटलं. किनारा जवळ आल्यावर त्याने विचारलं, सभेनंतर तुम्ही जाणार? मी हो म्हटलं. त्याने मान हलवली, जणू मी फक्त वेळ सांगितली होती.

*

आता सभा.

"माझी आहे," मी म्हणाले, आणि मंडपातलं हसू थांबल्यावर सगळं सांगितलं. श्रावणातली पहाट, ढासळलेला बांध, फुटलेला खड्डा. तांबडं पाणी खाडीत गेलं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तुमची अट पाणी नितळ राहण्याची होती. एक दिवस ते राहिलं नाही. तेव्हा अटीप्रमाणे आणखी एक पावसाळा तपासायला हवा.

शेवटचं वाक्य म्हणताना माझा आवाज कापला. ऐकणाऱ्यांना वाटलं, भीतीने.

बाबल गावकरांनी पेन खाली ठेवलं. बायकांमध्ये कुजबुज झाली. आवडूकाकींनी माझ्याकडे पाहिलं आणि मग त्या खांबाकडे वळल्या.

"सगुणा, तू रोज पाण्यार असतंस. तू काय सांगतंस?"

या गावात ही रीतच होती. खाडीबद्दल कोणी काही म्हटलं की शेवटचा शब्द तरवाल्याचा, म्हणजे होडीवाल्याचा. तो सरपंचांपेक्षा मोठा नव्हता, पण त्याच्या नंतर कोणी बोलत नसे.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने नुसतं एवढंच म्हणायचं होतं, होय, तांबडं पाणी आलं होतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तेवढ्याने ना-हरकत अडली असती, मला राहावं लागलं असतं, दिवाळीनंतरचा मुहूर्त टळला असता आणि पुढच्या जूनमध्ये, पोरांची फेरी झाल्यावर, मी पुन्हा होडीत चढले असते. पूल कुठे जातोय, पूल होणारच होता. मला एक पावसाळा हवा होता. हरकत त्यासाठी होती.

सगुण खांबापासून सुटा झाला.

"पाणी इला होता," तो म्हणाला. "मी बघलंय. भरती होती म्हणान ता वर गेला, तिवरांत बसला. ओहोटी लागाच्या आधी हेणी एकट्यान भगदाड बुजवल्यानी. मुखार एक तिसरी मेली नाय, काकी, तू रोज काढतंस, तुकाच ठाऊक आसा." तो थांबला. "ज्या माणसान आपलो खड्डो फुटलेलो आपणहून सांगल्यान, तेच्या हातात डोंगर देवक काय हरकत नाय. देवन टाका तेंका."

मी एकटीने. स्वतःची पाठ त्याने त्या पाण्यातून काढून घेतली.

मग सगळं फार झटकन झालं. आवडूकाकी म्हणाल्या की शेजारच्या खाडीचा ठेकेदार सगळं मेल्यावरही काही झालं नाही म्हणत होता, आणि ही पोर काही मेलेलं नसताना सांगते, मग आणखी काय तपासायचं. बायकांनी माना डोलावल्या. बाबल गावकरांनी सही केली. कोणीतरी नारळ आणला. आणि रवळनाथासमोर उभं राहून, हात जोडून, सरपंचांच्या वडिलांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या चेडू देसावरसून इला, आमच्या खाडयेक डाग लागाक दिल्यान नाय."

"व्हय म्हाराजा," मंडप म्हणाला.

"तेच्या हातून आमचो पूल होवंदे."

"व्हय म्हाराजा."

"आणि तेका सुखरूप तेच्या घराक पोचव."

"व्हय म्हाराजा."

एवढ्या आवाजांत मला सगुणचा आवाज वेगळा ऐकू आला. तो इतरांपेक्षा मोठा नव्हता. जरा उशिरा आला होता.

*

माझी पेटी त्याने होडीत ठेवली. पलीकडे कंपनीची जीप येणार होती. ओहोटी होती आणि वाराही नव्हता. अर्ध्या खाडीत आल्यावर त्याने बांबू आडवा ठेवला आणि तो खाली बसला. एवढ्या महिन्यांत मी त्याला होडीत बसलेलं पाहिलं नव्हतं. आता आमचे डोळे एका उंचीवर आले.

होडी हळूहळू मुखाकडे सरकत होती. खाली तळाचे दगड दिसत होते.

मी म्हटलं, तुम्ही एवढंच म्हणायचं होतं की पाणी आलं. पुढचं कशाला बोललात.

"तुम्ही कित्याक उभ्या ऱ्हवलात ता माका कळला," तो म्हणाला.

मी मान वर केली नाही.

"म्हणानच बोललंय. आणखी एक पावसाळो तुम्ही ऱ्हवल्या असत्यात." त्याने हात पाण्यात सोडला आणि पाण्याला तो मागे ओढू दिला. "मगे?"

मी उत्तर शोधत होते. बार्शीत, लातुरात, त्या होडीत, जिथे जिथे शोधता येईल तिथे. त्याने माझ्यासाठी थांबून पाहिलं, खरंच थांबला होता तो. मग उठला, बांबू उचलला आणि होडी काठाला लावली. जीपचा हॉर्न वाजत होता.

पूल झाला. तो पुलावरून गेला, असं आवडूकाकींनी पत्रात कळवलं, कारवारकडे, मासेमारीच्या ट्रॉलरवर. त्यानंतरचं त्यांनाही माहीत नाही.

त्याच्या त्या 'मगे?'चं उत्तर अगदी सोपं होतं. ते मला सुचलं तेव्हा मी लातूरला होते. पाऊस न पडलेला श्रावण होता आणि मी गच्चीवर गहू पसरत होते. हात थांबला. आसपास कोणी नव्हतं, म्हणून मी ते मोठ्याने म्हणाले.

मग आणखी एक.